मापकाकांच्या नाकाचं माप

त्यांना सगळे मापकाका म्हणत. दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतंच. पाटीवर एक बूट रंगवलेला होता, तोही फक्त डाव्या पायाचा. उजवा रंगवायला उद्या येतो म्हणून रंगारी गेला तो गेलाच. मापकाकांनी पाटी तशीच ठेवली. म्हणायचे, माझ्याकडे येणाऱ्यांचे पाय तरी कुठे जोडीचे असतात?

ते खोटं नव्हतं. बाजारात ज्यांच्या पायाला बूट मिळत नाही अशी माणसं त्यांच्याकडे येत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, कुणाची बोटं एकमेकांवर चढून बसलेली. मापकाका गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवत, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेत आणि डोळे मिटून अंगठ्याने चाचपत राहत. मग प्लास्टरचा साचा काढून त्या साच्यावर बूट शिवत. दुकानाच्या भिंतीवर फळ्याच फळ्या होत्या आणि त्यांवर असे पांढरे पाय ओळीने मांडलेले. नवखा माणूस आत शिरला की आधी दोन पावलं मागे जायचा.

त्या दुकानात एक वाक्य बोलायला बंदी होती. ‘सवय होईल.’ गिऱ्हाईक दुसरीकडचा चावणारा बूट घेऊन यायचं आणि सांगायचं, की तो दुकानदार म्हणाला, थोडे दिवस वापरा, सवय होईल. मापकाकांचं डोकंच फिरायचं. "पायाने बुटाची सवय का करून घ्यायची?" ते म्हणायचे. "पाय आधी आलाय. बूट मागून आलाय." एवढं सांगून ते कामाला लागत, आणि गिऱ्हाईक जाताना स्वतःच्याच पायाकडे जरा वेगळ्या नजरेने बघत जाई. लोक मापकाकांकडे येत ते निम्मं बुटासाठी आणि निम्मं तुमच्या पायात काही वाईट नाही हे ऐकण्यासाठी.

आता असा माणूस घोरतो, यात सांगण्यासारखं काय आहे? शेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्याने तर सांगूनच टाकलं होतं, की काका दुपारी दुकानात पेंगले की माझ्या किल्ल्या खिळ्यावर वाजतात. पण काकूंना घोरण्याचा त्रास नव्हता. उलट घोरणं चालू असलं की त्यांचा जीव जागेवर असे. त्रास होता तो घोरणं थांबण्याचा. मध्येच आवाज तुटायचा, श्वासही तुटायचा, आणि खोलीत नुसती शांतता उरायची. काकू त्या शांततेला टपून असत. मग त्यांचा कोपर मापकाकांच्या बरगडीत बसे, मापकाका बुडता माणूस वर यावा तसे धापा टाकत वर येत, कूस बदलत, आणि सकाळी यातलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नसे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत हे सुरू झालं होतं. काकूंनी तेव्हापासून कधी सलग झोप काढली नव्हती. त्या झोपत, पण कान जागा ठेवून. आणि याबद्दल कधी चकार शब्द नाही. विचारलं तर म्हणायच्या, "माझी झोप मुळातच सावध आहे हो."

त्यांची मुलगी दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर राहायची. जावई बोटीवर, महिनोन्‌महिने पाण्यात. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलू नको म्हणून बजावलं. तिने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "आई, येशील ना?"

काकू म्हणाल्या, "येते ना गं. यांची व्यवस्था लावते आणि येते."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या. व्यवस्था म्हणजे जेवणाची नव्हे, ते मापकाकांनाही कळलं. आपल्या बरगडीत कोपर मारायला कोण, हा तो प्रश्न होता. एका बाजूला पोटुशी पोर, दुसऱ्या बाजूला घोरता नवरा, आणि मध्ये ही बाई. मापकाकांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते झोपेच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी अंगाला तारा लावून एक रात्र त्यांना झोपवलं आणि सकाळी सांगितलं, की झोपेत तुमचा गळा मिटतो. श्वास थांबतो, आणि थांबतो तेव्हा हृदयावर ताण येतो. असंच चालू राहिलं तर एखाद्या रात्री तुमचं हृदय साथ देणार नाही. उपाय एकच. उशाशी एक मशीन ठेवायचं, त्याची नळी मास्कला, मास्क नाकावर, आणि हवेच्या दाबाने रात्रभर गळा उघडा राहील.

"मास्क चांगला बसायला हवा, बाकी काही नाही," डॉक्टर म्हणाले.

मापकाका जवळजवळ हसले. नीट बसवणं हे तर त्यांचं आयुष्य होतं.

मशीन घरी आलं. आवाज बारीक होता, लांबून वारा यावा तसा. काकूंनी उशाशी टेबल लावलं, त्यावर स्वच्छ कापड घातलं. मापकाकांनी मास्क नाकावर ठेवला, पट्टे डोक्यामागून घेतले आणि बटण दाबलं. हवा नाकातून आत घुसली आणि तोंडातून बाहेर पडली. उरलेली डोळ्यांत गेली. काकू म्हणाल्या, "सैल असेल." मापकाकांनाही तेच वाटलं. सैल बूट फोड आणतो, हे त्यांना झोपेतसुद्धा ठाऊक. त्यांनी पट्टे आवळले. मास्क तरी फुसफुसत राहिला. त्यांनी आणखी आवळले. सकाळी नाकाच्या दांडीवरची कातडी सोलून निघाली होती, आणि झोप म्हणाल तर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

दवाखान्यात मास्क देणारी एक मुलगी होती, हातात नेहमी मोजपट्टी. तिने जखम पाहिली आणि हळहळली. "काका, हा आवळायचा नसतो. हा हवेवर तरंगतो. जितका आवळाल तितकी हवा बाहेर."

मापकाकांचा विश्वास बसेना. तरंगणारी वस्तू अंगाला बसते म्हणजे काय? तरी त्यांनी सैल लावून पाहिला. हवा दुप्पट सुटली. मग तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला. लहानपणी पायऱ्यांवरून पडल्यामुळे मोडून वाकडं जुळलेलं नाक. त्या नाकाची डावी बाजू तेव्हापासून कधी मोकळी नव्हती. वरचे पुढचे दात गेलेले, त्यामुळे ओठ आत. हनुवटी तर मुळात आखूडच. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला, तो हनुवटीवरून घसरला. नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन रबरी बोंडांचा दिला, तर डावी नाकपुडी हवाच घेईना आणि तोंड उघडं पडे. तोंड बांधायचा पट्टा दिला, त्याने जबडा आणखी मागे गेला. प्रत्येक मास्क घेऊन मापकाका आशेने घरी जात आणि सकाळी नाकावर नवा वण घेऊन परत येत. किल्लीवाला म्हणायचा, "काका, विमान चालवायला कधी निघणार?" पहिल्यांदा मापकाका हसले. नंतर नंतर हसले नाहीत.

आणि दर वेळी ती मुलगी अगदी मायेने म्हणायची, "थोडे दिवस वापरून बघा काका. सवय होईल."

तिचा काही दोष नव्हता. मापकाका मान हलवून परत येत. पण मनातून ते खचले. उभ्या आयुष्यात त्यांनी ज्या वाक्याला उंबरा ओलांडू दिला नाही, ते आता त्यांच्याच तोंडावर पट्ट्यांनी बांधलं जात होतं. तुमच्या नाकात काही वाईट नाही, असं मात्र त्यांना कुणी म्हटलं नाही.

तिकडे लेकीला दिवसेंदिवस अवघड होत होतं. काकूंची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. जाता-येता त्या पेटीवरची धूळ पुसत.

शेवटी मापकाकांनी जे त्यांना येत होतं तेच केलं. बूट चावत असेल तर कडेला अस्तर लावतात. त्यांनी कोकराचं सगळ्यात मऊ कातडं काढलं, लहान मुलांच्या बुटांसाठी राखून ठेवलेलं. रापीच्या पात्याने कडा इतक्या पातळ केल्या की बोटाला लागू नयेत. मास्कच्या रबराला ते आतून गुंडाळून बारीक टाक्यांनी शिवलं, वाकड्या नाकाच्या बाजूला जरा जास्त भर दिला. मास्क चेहऱ्यावर ठेवला आणि त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. कुठेही टोचत नव्हता. गालाला गाल लावावा तसा वाटत होता.

त्या रात्री मापकाका झोपले. घोरण्याचा आवाज आला नाही, मास्कमधून नुसता मंद वारा येत राहिला. काकू थोडा वेळ कान देऊन पडल्या, आणि मग, कितीतरी वर्षांनी, त्यांनाही झोप लागली. सकाळी दूधवाला दार वाजवून निघून गेला तरी कुणाला पत्ता नाही. काकू उठल्या तेव्हा गालावर उशीची घडी उमटली होती. आरशात ती बघून त्या लाजल्यासारख्या हसल्या. "माणसं रोज असं झोपतात?" त्या म्हणाल्या.

आठवडाभर त्यांनी खात्री करून घेतली. म्हणजे काय, तर आठवडाभर त्या मजेत झोपल्या. मग पेटी उचलून मुलीकडे गेल्या. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "मशीन लावल्याशिवाय झोपायचं नाही. माझी शपथ आहे." मापकाकांचा जीव भांड्यात पडला. आपण आपल्या हातांनी घर सावरलं, असं त्यांना वाटलं. स्टेशनावरून परतताना ते चक्क शीळ घालत होते.

पण अंगातला थकवा काही जाईना. उलट वाढला. सकाळी डोकं ठणकायचं, दुपारी हातातली सुई गळून पडायची. एका शिक्षिकेचे बूट करायचे होते. तिचा एक पाय आखूड, आणि दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं. तिच्यासाठी मापकाका दर वर्षी जोड बनवत. कातडं कापता कापता त्यांचा डोळा लागला आणि रापी सरळ आरपार गेली. नशिबाने बोट वाचलं, पण कातडं गेलं. त्यांनी दुसरं कातडं काढलं आणि आखूड पायाची टाच लांब पायाच्या मापाने कापली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून अशी चूक झाली नव्हती. मशीन आणि मास्क पिशवीत घालून ते दवाखान्यात गेले.

मोजपट्टीवाल्या मुलीने मशीन जोडलं. मास्क त्यांच्या चेहऱ्यावर लावला, हवा सुरू केली आणि त्यांचाच हात धरून मास्कच्या कडेला नेला. बोटांना वारा लागला. वर, खाली, दोन्ही गालांशी. "हे अस्तर कुणी लावलं?" तिने विचारलं.

"मी."

"काका, कातड्यातून हवा जाते ना."

कातड्यातून हवा जाते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? पाय घामेजू नये म्हणून तर ते कातडं वापरत. चांगलं कातडं श्वास घेतं, असं गिऱ्हाइकांना सांगत. आणि तेच कातडं त्यांनी स्वतःच्या श्वासाच्या आड शिवलं होतं. मुलीने मशीनमधली नोंद पाहून सांगितलं, की श्वास पूर्वीइतकाच थांबतोय, जरासा जास्तच. मास्क घातल्याने घोरणं तेवढं झाकलं गेलं होतं. म्हणजे काकू जे दिवस शांत झोपल्या, त्या दिवसांत मापकाका त्यांच्या शेजारी रोज तसेच बुडत होते, आणि कोपर मारायला कोणी नव्हतं.

"मग मऊपणा?" त्यांनी विचारलं. "तो मऊ वाटत होता तो?"

"त्यात हवेचा दाबच नव्हता काका. म्हणून बरा वाटला."

ती वाईट वाटून खाली बघत होती. डॉक्टरांनी जबड्याच्या ऑपरेशनचा विषय काढला आणि हृदयाचे कागद पाहून तो परत मिटवला. कुशीवर झोपा म्हणाले. मापकाकांनी बंडीच्या पाठीला कातड्याचा चेंडू शिवला, उताणं होताच टोचावा म्हणून. कुशीवर झोपूनही ते तसेच धापा टाकत जागे झाले.

मग राहिली एकच गोष्ट. जिथे सगळे हात टेकतात, तिथे त्यांच्या दुकानात प्लास्टर भिजवत असत. मापकाकांनी दार लावून घेतलं, चेहऱ्याला तेल चोपडलं, नाकपुड्यांत दोन बारीक नळ्या घातल्या आणि स्वतःच्या तोंडावर ओल्या पट्ट्या चढवल्या. प्लास्टर सुकेपर्यंत खुर्चीत मान मागे टाकून पडून राहायचं होतं. मोकळ्या नाकपुडीतल्या नळीतून श्वास यायचा, दुसरीतून जवळजवळ नाहीच. जागेपणी पहिल्यांदा त्यांना कळलं, की झोपेत आपल्याला काय होतं. पट्ट्या ओरबाडून काढाव्यात असं त्यांना वाटत होतं. लेकीचा विचार करत ते पडून राहिले.

साचा छान उतरला. फळीवर, पांढऱ्या पायांच्या मध्ये, त्यांचा चेहरा बसला. वाकडं नाक, आत गेलेले ओठ, हनुवटी नसल्यासारखी. मापकाका त्याच्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघत राहिले. त्यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर त्यावर चढवून पाहिलं, ते कडेला सुरकुतलं. कातड्यावर चिकटवायच्या सोल्युशनचा थर देऊन हवा अडवली, तर त्या वासाने डोकं भणभणलं आणि गालावर पुरळ आलं. जे मऊ होतं त्यातून हवा जात होती. हवा अडवणाऱ्याने कातडी सोलत होती. त्यांनी कितीतरी संध्याकाळी त्यात घालवल्या. शेवटी एके दिवशी त्यांनी साच्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि शिक्षिकेचे बूट हातात घेतले.

त्याच सुमाराला फोन आला. लेकीला मुलगी झाली होती, वजनाने कमी पण रडायला खणखणीत. मापकाकांनी किल्लीवाल्याला चहा पाजला आणि त्या दिवशी दोघंही खूप हसले. काकूंचा आवाज मात्र थकलेला होता. मुलीला उठवत नव्हतं, बाळाला दर थोड्या वेळाने भरवावं लागत होतं. आणि मध्ये जो वेळ मिळे त्यात काकूंना झोप येत नव्हती.

"काय करू हो," त्या म्हणाल्या. "कानाला लागलेलं वळण जात नाही. पडले की तुमचाच श्वास शोधते. मग वाटतं, तिकडे सगळं ठीक असेल ना. परत येऊ का?"

मागून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मुलीचा अगदी क्षीण आवाज, "आई, कुठे आहेस?"

"येऊ नकोस," मापकाका म्हणाले. "इथे काय ठेवलंय? मी मजेत आहे."

"मास्क नीट बसतोय ना?"

"बसतोय."

"दुखत नाही?"

"आधी दुखायचा," मापकाका म्हणाले. "आता सवय झाली."

दुकानात हे कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याच्याकडे बूट भिरकावला असता. काकूंना मात्र ते लगेच पटलं. पटावं असंच ते वाक्य असतं, म्हणून तर सगळे दुकानदार ते वापरतात.

काकू मग लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "एक करता का? झोपताना मशीन लावलं की फोन त्याच्याजवळ ठेवा. तो आवाज ऐकला ना, की मला झोप लागेल."

तेव्हापासून ते रोज तसं करू लागले. काकूंनी टेबलावर घातलेलं कापड अजून तसंच होतं, जरा मळलेलं. त्यावर मशीन, मशीनशेजारी फोन. मापकाका बटण दाबत, लांबून वारा यावा तसा आवाज सुरू होई, आणि पलीकडे काकू म्हणत, "हां. आता झोपा." मग काही वेळ काही नाही. मग काकूंचा श्वास ऐकू येऊ लागे, आधी हलका, मग जड, मग एका लयीत.

मापकाका पलंगाच्या कडेला बसून तो ऐकत. श्वास आत जायचा, बाहेर यायचा, परत जायचा. कुठेही अडत नव्हता. ते कधी कधी धसकून वाट बघत, की आता थांबेल. तो थांबत नसे. इतकी वर्षं ही बाई अंधारात काय ऐकत पडत होती ते त्यांना आता समजलं, आणि तिला कधी असं ऐकायला मिळालं नाही, हेही समजलं. यंत्राने अखेर एका माणसाला झोप दिली होती.

पाठ भरून आली की ते उठत. नाकावर पडलेला वण एव्हाना काळा झाला होता. त्यावर ते अस्तराचा मास्क ठेवत, तो मऊ, कशाच्याही उपयोगाचा नसलेला मास्क. काढून टाकला असता तर घोरणं फोनवरून पलीकडे गेलं असतं, आणि काकू झोपेतून उठून गाडी पकडून आल्या असत्या. पट्टा डोक्यामागून घेऊन ते हळूच कुशीवर होत, तोंड काकूंच्या बाजूकडे. ती बाजू रिकामी होती. तिथून कोपर येणार नव्हता.